निलंबनानंतरचा प्रश्न

महाराष्ट्र विधानमंडळाच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नांच्या याद्या वाचत बसण्याची मला सवय आहे. चारचौघांत सांगावी अशी ही सवय नाही, पण तिच्यामुळे एक भाषा कानात पक्की बसली आहे. "सन्माननीय गृह मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात. मग एक, दोन, तीन, चार. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटी ठरलेले शेपूट: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? प्रश्न रस्त्याच्या खड्ड्यांचा असो की पोलीस कोठडीतल्या मृत्यूचा, साचा तोच.

उत्तरालाही साचा आहे. "हे खरे नाही." आणि त्याखाली, "(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." पहिल्या कलमाला नकार दिला की बाकीची तीन आपोआप गळून पडतात. समजा, आमदाराने लिहिले की तीन पोलिसांनी मारहाण केली, आणि प्रत्यक्षात मारणारे दोन होते. "हे खरे नाही" हे उत्तर अक्षरशः बरोबर ठरते. त्याहून कसबी उत्तर म्हणजे "हे अंशतः खरे आहे". कोणता अंश, हे विचारायचे तर सभागृहात उभे राहून उपप्रश्न विचारावा लागतो, आणि तेवढ्यात पुकारा पुढच्या प्रश्नाचा झालेला असतो.

तरीही कागदावरची ही टोलवाटोलवी मला फारशी टोचत नाही. नोकरशाही तिचे काम करते. मला टोचतो तो दुसरा प्रसंग, ज्याला आपण सगळे आमदाराचा विजय समजतो. एखाद्या पोलीस ठाण्यातल्या अत्याचाराची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्यांकडून उत्तर मागणारी सूचना, लागते. आमदार तयारी करून आलेला असतो, आवाज चढतो, दोन्ही बाजूंचे सदस्य उभे राहतात. मंत्री आधी सांगतात की चौकशी सुरू आहे. गोंधळ वाढतो. मग मंत्री जाहीर करतात की संबंधित पोलीस निरीक्षकाला निलंबित करण्यात येत आहे. बाके वाजतात. संध्याकाळी बातमी येते की अमुक आमदारांच्या दणक्यामुळे निरीक्षक निलंबित. मतदारसंघात फलक लागतात. आणि प्रश्न तिथेच मरतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की पोलिसांविषयीच्या प्रश्नाला सभागृहात मिळणारे निलंबन हे उत्तर नाही, तो उत्तरातून सुटण्याचा मार्ग आहे. मंत्र्यांना तो स्वस्त पडतो आणि विचारणाऱ्याला गोड लागतो, म्हणून दोघांचेही त्यावर एकमत होते.

निलंबन म्हणजे मुळात काय, ते पाहू. सेवानियमांनुसार निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशीत ढवळाढवळ होऊ नये म्हणून माणसाला कामावरून बाजूला करायचे, एवढाच त्याचा हेतू. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, जो सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराच्या घरात असतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी खटल्यात सांगितले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे रेटता येणार नाही. म्हणजे निलंबनाचा आदेश निघाला त्या दिवशी खरे काम संपत नाही, सुरू होते. विभागीय चौकशी नेमली का, दोषारोपपत्र कधी दिले, साक्षीदार कोण, निष्कर्ष काय. हे सगळे पुढच्या तीन-सहा महिन्यांत घडते किंवा घडत नाही, आणि तोवर अधिवेशन संपलेले असते. पुढच्या अधिवेशनात नवे प्रकरण, नवा निरीक्षक. आधीचा कुठे गेला, हे विचारणारा प्रश्न मला याद्यांमध्ये फार क्वचित दिसतो. कागदोपत्री त्यासाठी आश्वासन समिती आहे. लोकसभेत मंत्र्याने दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हावे असा दंडक आहे, आणि समिती त्याचा पाठपुरावा करते. पण समितीच्या अहवालावर बाके वाजत नाहीत.

याहून खोल अडचण वेगळी आहे. पोलीस अधिकाऱ्याचे पद राजकीय मर्जीवर अवलंबून असणे, हाच तर आपल्या पोलीस दलाचा जुना आजार. तो बरा व्हावा म्हणून निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग नेमा, महासंचालकाला किमान दोन वर्षे द्या, ठाणे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही किमान दोन वर्षे द्या, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, बदल्या-बढत्या पोलीस आस्थापना मंडळाकडे द्या, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे उभारा, आणि केंद्रात राष्ट्रीय सुरक्षा आयोग नेमा. या साऱ्यामागचा विचार एका ओळीत सांगायचा तर असा, की निरीक्षकाला सकाळी कामावर जाताना आज कोणाचा फोन येईल याची धास्ती वाटू नये.

आणि आपण सभागृहात काय मागतो? की मंत्र्यांनी आत्ता, इथे, उभ्या उभ्या, एका निरीक्षकाचे पद काढून घ्यावे. मागणी न्याय्य असेलही. पण ज्या हाताने आज दोषी अधिकाऱ्याला उचलावे म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तोच हात उद्या वाळू उपशाला आड येणाऱ्या अधिकाऱ्याला उचलतो, आणि तेव्हा सभागृहात कोणी नसते. एकच माणूस सभागृहात पोलिसांच्या स्वायत्ततेवर भाषण करतो आणि मंत्रालयात "माझ्या मतदारसंघात अमुक निरीक्षक द्यावा" असे शिफारसपत्र देतो, यात कोणालाही विसंगती वाटेनाशी झाली आहे. वाटत असेल तर कोणी बोलत नाही.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम. दुरुस्तीने राज्य सुरक्षा आयोग आला, आस्थापना मंडळे आली, तक्रार प्राधिकरण आले, पोलीस ठाण्यातल्या निरीक्षकाला सर्वसाधारण दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला. लगेच पुढे फटही आली. सार्वजनिक हित आणि प्रशासकीय निकड या कारणांसाठी मुदतीआधी बदली करता येते. अपवाद ठेवणे गैर नाही, कायद्याला श्वास घ्यायला जागा लागते. पण मग विचारायचा प्रश्न आपोआप समोर येतो: गेल्या वर्षात किती निरीक्षकांची बदली दोन वर्षांआधी झाली, त्यापैकी किती बदल्यांना 'सार्वजनिक हित' हे कारण लावले, आणि ते हित कोणते, हे फाइलवर कोणी लिहिले? या प्रश्नाला "हे खरे नाही" असे उत्तर देता येत नाही. इथे आकडा द्यावा लागतो, नाहीतर आकडा का देत नाही ते सांगावे लागते.

राज्य सुरक्षा आयोगाचेही तसेच. त्याच्या अध्यक्षस्थानी गृहमंत्री, आणि सदस्यांमध्ये विधानसभेतला विरोधी पक्षनेता. म्हणजे पोलीस धोरणावर सरकारशी बोलण्यासाठी विरोधी पक्षाला कायद्यानेच एक खुर्ची दिली आहे. आयोगाची बैठक शेवटची कधी झाली, तिथे काय ठरले, त्याचा अहवाल सभागृहापुढे का येत नाही, हे प्रश्न विरोधी बाकांवरून दर अधिवेशनात यायला हवेत. २०२४ च्या निवडणुकीनंतर तर विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदच दीर्घकाळ रिकामे राहिले. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण तो मानाचा, दालनाचा आणि संख्याबळाचा. ती खुर्ची रिकामी राहिल्याने पोलिसांवर देखरेख करणाऱ्या आयोगातही एक जागा रिकामी राहते, हे मात्र त्या वादात माझ्या तरी कानावर आले नाही.

तक्रार प्राधिकरणाची गोष्ट तर भूगोलातच अडकते. न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्या सांगितल्या होत्या. आपल्या कायद्याने जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. गडचिरोली जिल्हा नागपूर विभागात येतो. सिरोंचाच्या माणसाने तिथल्या पोलिसाविरुद्ध तक्रार करायची तर तिचा मार्ग नागपूरला जातो. जिल्ह्याऐवजी विभाग का, याचे समर्थन सरकारकडे असू शकेल. खर्च असेल, निवृत्त न्यायाधीश आणि अधिकारी मिळत नसतील. ते समर्थन सभागृहात उभे राहून मांडायला लावणे, हे आमदाराचे काम.

इथे कोणी म्हणेल की तुम्ही मंत्रालयातल्या फायलींबद्दल बोलता, आणि तिकडे एका गरीब बाईच्या पोराचा कोठडीत जीव जातो. तिला आस्थापना मंडळाशी काय घेणे? तिच्या पदरात पडणारी एकमेव गोष्ट म्हणजे तो निरीक्षक निलंबित झाल्याची बातमी. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ठाण्यात तोच माणूस बसलेला असताना साक्षीदार बोलणार नाहीत, नोंदवह्या सुरक्षित राहणार नाहीत. त्याला तिथून हलवणे गरजेचेच असते. पण ते काम पोलीस अधीक्षकाने किंवा आयुक्ताने घटनेच्या दुसऱ्या दिवशी करायला हवे होते. ते सभागृहात, तेही लक्षवेधी लागल्यावर करावे लागते, यातच खरा प्रश्न आहे. मंत्र्यांनी निलंबन जाहीर केले की आमदाराने खाली बसू नये. उलट विचारावे: घटना कोणत्या तारखेची? आज कोणती तारीख? मधले दिवस या अधिकाऱ्याला त्या खुर्चीवर कोणी ठेवले? ज्यांच्यासाठी लक्षवेधी लागली नाही, अशा बायकांचे काय?

दुसरी ढाल म्हणजे "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे". न्यायालयापुढे असलेल्या बाबीवर प्रश्न नको, हा संकेत जगातल्या बहुतेक सभागृहांत आहे आणि तो शहाणपणाचा आहे. आरोपी दोषी की निर्दोष, हे सभागृहाने ठरवायचे नसते. पण पोलिसांच्या बाबतीत ही ढाल इतकी मोठी केली जाते की तिच्यामागे सगळे गृहखाते लपते. मारले कोणी, हे न्यायालय पाहील. ठाण्यातले कॅमेरे त्या रात्री बंद का होते, हे गृहमंत्री सांगतील. त्यांच्या देखभालीचे कंत्राट कोणाकडे, ते कधी संपले, नूतनीकरणाची फाइल किती दिवस कोणत्या टेबलावर होती, यात न्यायप्रविष्ट असे काही नाही. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितले. ते चित्रण अठरा महिने जपून ठेवावे, यंत्रणेत तेवढी सोय नसेल तर निदान वर्षभर, असेही सांगितले. प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, निरीक्षकाची खोली, कुठे कुठे कॅमेरा हवा याची यादीच त्या निकालात आहे. ती यादी हातात घेऊन एखाद्या आमदाराने फक्त आपल्या जिल्ह्यातल्या ठाण्यांबद्दल विचारले, किती कॅमेरे बसले, किती चालू, किती ठिकाणी वर्षभरापूर्वीचे चित्रण आज काढून दाखवता येईल, तरी एका अधिवेशनाला पुरेल एवढे काम होईल.

कोठडीतल्या मृत्यूनंतर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवायचे, हा दंडक आयोग स्थापन झाला त्याच वर्षी, १९९३ मध्ये आला. अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९६ मध्ये कायम आहे. या चौकशांचे अहवाल शासनाकडे पोहोचतात का, पोहोचले तर त्यांवर काय होते? एका मृत्यूचा हिशेब न्यायालय मागेल. दहा वर्षांच्या अहवालांचा हिशेब सभागृहाशिवाय कोण मागणार?

व्यक्तीचा दोष आणि व्यवस्थेचा दोष यांतला फरक महाराष्ट्राने एकदा फार कडू रीतीने पाहिला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण झाले. खालच्या न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले, कारण मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. पुढच्याच वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळा गुन्हा मानले गेले, आणि अशा प्रकरणात संबंध आल्याचे सिद्ध झाले व स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे, असे ठरले. ते दोन पोलीस सुटले ते सुटलेच. पण रात्रीच्या वेळी ठाण्यात अडकलेल्या मुलीची 'संमती' म्हणजे काय, हा प्रश्न त्या दोघांपुरता राहिला नाही. तो विधिमंडळांत नव्हे, प्राध्यापकांच्या पत्रातून आणि मोर्चांतून उभा राहिला, याची लोकप्रतिनिधींनी थोडी लाज धरायला हरकत नव्हती.

उपप्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. ब्रिटिश काळात १८९२ च्या कायद्याने कौन्सिलांतल्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळांतल्या, सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उत्तर मिळाले की गप्प बसायचे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली. १९१९ नंतर ती सगळ्या सदस्यांना मिळाली. परक्या सरकारला पहिल्या प्रश्नाची धास्ती नव्हती, कारण त्याचे उत्तर सचिव लिहून देत असे. दुसऱ्या प्रश्नाची धास्ती होती, तिथे साहेबाला स्वतः बोलावे लागे. आज लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात आणि जेमतेम चार-पाचांची तोंडी उत्तरे होतात. राज्याच्या सभागृहांतही चित्र फार वेगळे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महासाथीचे कारण देऊन संसदेचा प्रश्नोत्तरांचा तासच रद्द झाला, फक्त लेखी उत्तरे चालू राहिली. म्हणजे तेवढ्या अधिवेशनापुरते आपण १८९२ मध्ये गेलो होतो. फार कमी लोकांना ते लक्षात आले, आणि ज्यांना आले त्यांनीही ते लवकर विसरून टाकले.

(दिल्लीत पोलिसांविषयी विचारावे तर वेगळीच पंचाईत. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतले विषय, त्यामुळे केंद्रीय गृहखात्याच्या उत्तराचे पहिले वाक्य बहुतेक वेळा तेच असते. दिल्ली पोलीस तेवढे थेट केंद्राच्या हाताखाली. म्हणून पोलिसांची खरी झाडाझडती मुंबई-नागपुरातच व्हायची, खासदारांकडून तिची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.)

मंत्र्यांकडे बोट दाखवताना विचारणाऱ्याचा हिशेबही घ्यायला हवा. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या काळात सैनिकांनी घरांत घुसून जे केले, त्याबद्दलच्या बातम्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना इंग्लंडमध्ये पत्रांतून कळल्या. स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप त्यांनी तिथे उघड केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, आणि ज्यांच्या पत्रांवर विसंबून ते बोलले होते त्यांना पुढे आणणे शक्य नव्हते. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल त्यांना स्वकीयांकडून आयुष्यभर टोमणे खावे लागले. त्यांनी माफी मागायला नको होती असे आजही अनेकांना वाटते, मलाही अर्धा दिवस तसे वाटते. पण पुढे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या गोखल्यांच्या भाषणांत आकड्यांची जी तटबंदी दिसते, तिची एक वीट १८९७ ची असावी, असा माझा कयास आहे. जळालेला माणूस कागद दोनदा तपासतो.

प्रश्न विकलेही गेले आहेत. १९५१ मध्ये एच. जी. मुद्गल या सदस्याने मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचे उघड झाले आणि त्यांचे सदस्यत्व गेले. २००५ च्या डिसेंबरात तर छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांसाठी पैसे घेणारे अकरा खासदार, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा, एकाच वेळी हाकलले गेले. पोलिसांविषयीचा प्रश्न रोखीने विकला जातो असे मी म्हणत नाही. पण एखाद्या अधिकाऱ्याविरुद्ध प्रश्न टाकायचा, मग तो मागे घ्यायचा, आणि मधल्या काळात ठाण्यात आपले वजन वाढवून घ्यायचे, हा व्यवहार कोणत्याही छुप्या कॅमेऱ्यात सापडत नाही. व्यक्तीविषयीच्या प्रश्नाला असा भाव येऊ शकतो. बदल्यांच्या एकूण आकड्याविषयीच्या प्रश्नाला तो येत नाही, कारण तो मागे घेण्यासाठी कोणी पैसे देणार नाही.

चांगला प्रश्न कुठवर पोहोचू शकतो, याची दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात. एक घरचे. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत विचारले की नव्यानेच राष्ट्रीयीकृत झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे कोणाच्या सांगण्यावरून घातले? मुंदडांना अटक करा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. निर्णय कोणी घेतला, गुंतवणूक समितीला का विचारले नाही, हे त्यांनी धरून ठेवले. न्यायमूर्ती छागला यांची एकसदस्य चौकशी मुंबईत सगळ्यांसमोर उघड्यावर चालली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे होते, पंतप्रधानांचे जावई होते. आज आपल्याकडे गृहखाते बहुतेक वेळा मुख्यमंत्र्यांच्या किंवा उपमुख्यमंत्र्यांच्या हातात असते, आणि सत्ताधारी आमदाराचा गृहखात्याविषयीचा प्रश्न म्हणजे बहुधा अभिनंदनाला प्रश्नचिन्ह लावलेले असते.

दुसरे बाहेरचे. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्री अँबर रड संसदेच्या गृहविषयक समितीपुढे बसल्या होत्या. दशकानुदशके कायदेशीरपणे राहणाऱ्या कॅरिबियन वंशाच्या लोकांना बेकायदा ठरवून छळल्याचे प्रकरण तापले होते. समितीने साधी विचारणा केली: लोकांना देशाबाहेर काढण्याचे उद्दिष्ट, म्हणजे संख्येचे लक्ष्य, तुमच्या खात्यात ठरवलेले आहे का? त्या नाही म्हणाल्या. काही दिवसांत खात्याचे कागद बाहेर आले, त्यांत उद्दिष्टे होती. २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला, कारण आपण समितीची, अजाणता का होईना, दिशाभूल केली असे त्यांना मान्य करावे लागले. लक्षात घ्या, कोणा कारकुनाला निलंबित करा अशी मागणी तिथे नव्हती. प्रश्न होता धोरणाचा, आणि म्हणून त्याची झळ धोरण ठरवणाऱ्या खुर्चीला लागली. आपल्या संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत, पण तिथे साक्षीला सचिव येतात, मंत्री येत नाहीत. केरळ विधानसभेने १९८० पासून विषयवार समित्या चालवल्या. आपल्याकडे विधानसभेच्या नियम २९३ खालची कायदा-सुव्यवस्थेवरची चर्चा अधिवेशनागणिक होते. तिच्यात तीस सदस्य बोलतात, प्रत्येक जण आपल्या तालुक्यातले एक प्रकरण सांगतो, आणि मंत्री शेवटी तासभर उत्तर देतात, ज्यात गुन्ह्यांची संख्या मागच्या सरकारच्या काळापेक्षा कमी असते. मागच्या सरकारच्या काळातही ती त्याच्या मागच्यापेक्षा कमीच असायची.

मंत्र्यांची बाजूही सांगतो. राज्यातल्या प्रत्येक ठाण्यात रात्री काय घडले हे कोणत्याही गृहमंत्र्याला माहीत असू शकत नाही, आणि असूही नये. तपास कसा करायचा, कोणाला पकडायचे, हे मंत्र्याने सांगू लागणे घातकच. म्हणूनच त्यांना त्यांच्या अखत्यारीतले विचारावे. ठाण्यात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, बंदोबस्तासाठी तपास अधिकारी किती दिवस बाहेर काढला जातो, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे नमुने किती महिने पडून असतात. नव्या संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ न्यायला सांगितला आहे आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तो तज्ज्ञ कुठून येणार, त्याची पदे किती भरली, याचे उत्तर कोणत्याही निरीक्षकाकडे नाही. ते फक्त मंत्र्यांकडे आहे, आणि मुदतीचे घड्याळ चालू आहे.

पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्नांच्या सूचना काही आठवडे आधीच द्याव्या लागतात. एखाद्या नव्या आमदाराला हवा असेल तर एक मसुदा इथे ठेवतो, साचा जुनाच आहे:

सन्माननीय गृह मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :- (१) मागील तीन अधिवेशनांत सभागृहात निलंबनाची घोषणा झालेल्या पोलीस अधिकाऱ्यांची संख्या किती आहे, (२) त्यांपैकी किती जणांना तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र देण्यात आले, किती जणांची विभागीय चौकशी पूर्ण झाली व किती जण पुन्हा सेवेत आले, (३) पुन्हा सेवेत आलेल्यांना कोणत्या ठिकाणी व कोणाच्या आदेशाने नेमणूक देण्यात आली, (४) ज्यांची चौकशी सुरूच झाली नाही, त्यांच्याबाबत विलंबाची कारणे काय आहेत?